फोटो माझा, चेहरा कोणाचा?



पूर्वी घरात एखादाच आल्बम असे. लग्नाचा, नाहीतर पहिल्या कम्युनियनचा. पाहुणे आले की तो कपाटातून निघे आणि पाहून झाला की परत कपाटात जाई. तो कोणाला दाखवायचा, हे घरच्यांच्या हाती होते.

पुढे फोटो कॉम्प्युटरवर आले. 'पिकासा' हा प्रोग्राम गुगलने २००४ मध्ये विकत घेऊन सर्वांना मोफत दिला. विखुरलेले फोटो तो तारखेप्रमाणे लावी. नंतर तो चेहरे ओळखून एकाच माणसाचे फोटो एकत्र करू लागला. २०१६ मध्ये तो बंद झाला. त्याची जागा 'गुगल फोटोज'ने घेतली. आता समारंभाचे दोनशे फोटो एका लिंकने कॅनडातल्या लेकीला आणि आखातातल्या भावाला पाहता येतात. दूरची माणसे जवळ येतात, ही मोठीच सोय आहे. मात्र अशी लिंक पुढे ज्याच्या हाती जाईल, त्यालाही तो आल्बम उघडता येतो.

येथेच प्रश्न उभा राहतो. फोटो मी काढला म्हणून तो माझा. पण त्यातला चेहरा कोणाचा?

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००८ मध्ये कायदा केला, की कंपन्यांनी माणसाच्या चेहऱ्याचे मोजमाप घेण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. फोटोंतील चेहरे गटवार लावण्यावरून तेथे दावा झाला आणि २०२२ मध्ये गुगलने १० कोटी डॉलरची तडजोड केली.

कंपनीने विचारायला हवे, मग आपण नको का? प्रभू येशूने नाणे पाहून विचारले होते, यावर कोणाची प्रतिमा आहे? नाण्यावर कैसराची होती. माणूस तर देवाच्या प्रतिमेत घडला आहे, असे आपण मानतो. मग त्याचा चेहरा ही मी हवी तशी वापरण्याची वस्तू कशी?

इस्पितळात नळ्या लावलेल्या आजीचा फोटो आपण 'प्रार्थना करा' असे लिहून सर्वांना पाठवतो. हेतू चांगलाच असतो. पण जी आजी जन्मभर केस विंचरल्याशिवाय पाहुण्यांसमोर आली नाही, तिला हे रुचले असते का? प्रार्थनेसाठी तिचे नाव पुरेसे आहे. देवाला फोटो लागत नाही. तान्ह्या बाळाचेही तसेच. त्याला 'नको' म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपणच थांबून विचार करावा.

मग फोटो पाठवूच नयेत का? तसे नाही. आनंद वाटल्याने वाढतो. फक्त आधी विचारावे. कोणी 'माझा फोटो काढून टाक' म्हटले, तर कारण न विचारता आणि राग न मानता काढून टाकावा.

या आठवड्यात आपापला मोबाइल उघडून पाहू या. ज्याला न विचारता आपण पुढे पाठवले, असा एखादा चेहरा त्यात आहे का? असल्यास त्याला एक फोन करू या. दुसऱ्याची लाज राखण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.