प्रकाशात दया असते का?
डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात मी परिचारिका आहे. ‘सिस्टर, मागच्या जन्मीचं कुठलं पाप हो हे?’ हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारा बहुधा शेतकरी. उसाचं पातं बुबुळावर ओरखडून जातं, फ्युजेरियमसारखी बुरशी आत शिरते आणि नाटामायसिनच्या थेंबांनाही व्रण दाद देत नाही.

असे हट्टी व्रण प्रकाशानेही हाताळून पाहिले जातात. अर्धा तास रिबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, पिवळेधमक थेंब घालायचे आणि मग ३६५ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडायचा. प्रकाश, ते द्रव्य आणि प्राणवायू मिळून जे उग्र रेणू तयार होतात, ते जंतूंना मारतात. टेबलावर पडल्या पडल्या कुणी हात जोडून सूर्यनारायणाचं नाव घेतं. मला ते आवडतं. पण हाच किरण आतल्या पेशींनाही इजा करतो, म्हणून बुबुळाची जाडी ४०० मायक्रॉन भरते का, हे आधी मोजावं लागतं. किरणाला जंतू आणि पेशी यांतला भेद कळत नाही, तर पाप-पुण्य कुठून कळणार? दया असलीच तर ती मोजणाऱ्या माणसात आहे, असं मी मानते.

शिवाय हा उपाय हमखास नाही. मदुराईच्या अरविंद रुग्णालयातल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुरशीच्या व्रणांना त्याचा लाभ दिसला नाही. तेव्हा ज्याच्या डोळ्यात फूल राहिलं, त्याची भक्ती कमी पडली, असं कुणी म्हणालं की मी तिथेच अडवते. प्रारब्ध म्हणून घरी बसलेल्या दिवसांत बुरशी खोल जाते. मला राग त्याचा येतो.