वाकळीची वाटणी

माण तालुक्यातल्या एका गावात दोघा भावांची वाटणी झाली. जमीन, विहिरीच्या पाण्याची पाळी, म्हशी, पार हंडे-परातींपर्यंत सगळं निम्मंनिम्मं. बहिणीचा प्रश्न आधीच मिटवला होता. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिलाय, हे भावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी तिला नवी साडी नेसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. माहेर तुटू नये म्हणून बायका अशी सही करतात. तिनंही केली.

राहिली आईच्या हातची वाकळ. वरच्या अंगाला ठिगळंच ठिगळं: वडिलांच्या धोतराचं, थोरल्याच्या शाळेच्या खाकी चड्डीचं, धाकट्याच्या पिवळ्या झबल्याचं, लेकीच्या परकराचं, बाकी शिंप्याकडून मागून आणलेलं कातरण. आत आईची जुनी लुगडी. दोघांनाही ती हवी होती. खरं तर पांघरायला नको होती, दोघांच्याही घरात सोलापुरी चादरी होत्या. दुसऱ्याला जाऊ नये, एवढंच. जमिनीचे तुकडे पाडायला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी तरी येते. वाकळीला तसला कायदा नाही.

गावात वाकळा शिवून देणारी एक म्हातारी होती. तिला बोलावलं.

"मावशी, मधोमध कापा आन दोन्हीला काठ मारून द्या," थोरला म्हणाला.

म्हातारीनं वाकळ उलटीपालटी केली, बोटांनी टाके चाचपले. "तुमच्या आईनं काठापासनं शिवत आत आणलीया. फेरीच्या आत फेरी. मधनं कापली तर एकूणएक फेरी तुटंल, आन तेवढ्या गाठी मला माराव्या लागतील. त्यापरीस उसवते, ज्याची त्यानं ठिगळं घ्यावीत."

पटलं. हिशोबाला सोपं होतं.

म्हातारी ओसरीवर बसून ब्लेडनं धावदोरा तोडू लागली. दिवस मावळला तरी निम्मीही झाली नाही. दुसऱ्या दिवशी वरची ठिगळं निघाली, तेव्हा तिनं आतलं लुगडं उचललं. हाताला आलं नुसतं जाळं. बोट लागेल तिथं ते फाटत गेलं. कापड केव्हाच विरलं होतं, टाक्यांच्या दाटीनं तेवढं जागेवर थांबलं होतं. धोतराच्या तुकड्याचीही तीच गत. खाकी तेवढी शाबूत.

"घ्या वाटून," म्हातारीनं ढीग पुढं सारला. "आन माझी दोन दिसांची मजुरी द्या."

मजुरी दोघांनी निम्मीनिम्मी दिली. ढिगाला मात्र कुणी हात लावेना. माहेरी आलेली बहीण दारात उभी होती. तिनं विचारलं, "मी नेऊ?"

"ने की, चिंध्याच हायती."

तिनं लुगड्याचं जाळंही टाकलं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या दोन सुती साड्यांच्या मधे ते अंथरलं, वरून तीच ठिगळं लावली. कमी पडलं तिथं सासरच्या गावातल्या शिंप्याचं कातरण घेतलं. पण ते कोरं सुती कापड आधी उकळत्या पाण्यातून काढलं. नाहीतर पहिल्याच धुण्यात नवं आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं. मग काठापासून शिवत आत गेली. घरचं, रानातलं उरकून दुपारी जेवढे टाके पडतील तेवढे. पावसाळा सरता सरता वाकळ बाजेवर आली.

भाऊबिजेला दोघे भाऊ आले, वेगवेगळ्या मोटारसायकलींवरून. ओवाळून झालं. धाकटा बाजेवर बसला तो बसल्या बसल्या पिवळं ठिगळ चाचपायला लागला. थोरल्यानं कोपरा उलटून पाहिला, खाकी तुकडा शोधून काढला.

"आक्का, आईची वाकळ ही. म्हंजी तशी आमचीबी हाय म्हणायची."

"हाय की, दादा," ताम्हणातली ओवाळणी उचलत ती म्हणाली. "म्हणूनच म्हणते, उद्या कचेरीत चला आन हक्कसोडीवर सह्या करा. अंगावर नवी कापडं मी घालते."