स्वस्त भोगाचे मोल

चैत्र लागला की आमच्या जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी जत्रांचे दिवस येतात. गावचे पंच एका हाताने कीर्तनकाराची तारीख घेतात आणि दुसऱ्या हाताने, नारायणगावास लागलेल्या राहुट्यांत जाऊन, तमाशाची सुपारी देतात. लोकवर्गणी एकच. त्याच थैलीतून आमची बिदागी निघते आणि त्याच थैलीतून फडाचे पैसे चुकते होतात. ही गोष्ट आम्ही कीर्तनकार मंडळी सहसा बोलून दाखवीत नाही. नारदाच्या गादीवर उभे राहिलो म्हणजे ती आठवतही नाही.

मागे घोडनदीकाठच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. ओघात आलो आणि जत्रेच्या खर्चावर तुटून पडलो. म्हणालो, “वर्षभर मीठभाकर खाता आणि एका रात्रीत सगळे उधळता! पोटाला चिमटा आणि डोळ्यांचे चोचले!” मंडळी हसली, टाळकऱ्यांनीही मान डोलावली. वक्त्याला आणखी काय पाहिजे? मी आपल्यावरच खूष होऊन उतरलो.

आरती झाली, बुक्का लागला, मंडळी पांगली. तेव्हा सत्तरीचे एक माळकरी बाबा पुढे आले. पायावर डोके ठेवले आणि तिथेच बसून म्हणाले, “महाराज, राग मानू नका. एक विचारायचं आहे. मी चाळीस वर्षं मुंबईत डबे वाहिले. एका खोलीत आम्ही चौदाजण. अंथरायला जागा नव्हती, तर पाळीपाळीनं झोपलो. बिडी नाही, काडी नाही. पण तीन गोष्टी सोडल्या नाहीत. आषाढीची वारी, गावची जत्रा, आणि रविवारी सकाळी इराण्याकडं बसून मस्कापाव आणि चहा. तुम्ही म्हणता डोळ्यांचे चोचले. मग गरिबानं डोळ्याचं करायचं काय? मिटून ठेवायचा?”

वाचकहो, काशीपर्यंत शास्त्र पढून आलेला मी, मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला असे सांगतात. ही मंडळी बहुतेक आपल्याच मावळपट्टीची. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, अकोले, संगमनेर. गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी. लोकलच्या डब्यात परतीच्या वाटेवर टाळ काढून भजन करणारी. चैत्रात गावच्या यात्रेसाठी ते गिऱ्हाइकांना आगाऊ कळवून पाच-सहा दिवस रजा घेतात, आणि तेवढे दिवस मुंबईच्या कचेऱ्यांत घरचा डबा येत नाही. आळंदी, भीमाशंकर, जेजुरी येथे याच लोकांनी आपसांत वर्गणी काढून धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांच्या ताटातला घास वाहून ज्याने पोट भरले, त्याने वाटसरूच्या निजण्याची सोय केली. अशा माणसाला उधळ्या म्हणणे हे माझ्या जिभेचे पाप झाले.

आता शास्त्रार्थ पाहू. पूर्वपक्ष असा, की ज्याला मोक्षाची वाट धरायची त्याने भोगाचे नाव काढू नये. आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने तर मुळीच काढू नये. यातला पहिला भाग संन्याशाला शोभेल. आपला पंथ संन्याशाचा नव्हे. नामदेवराय शिंपी होते, सावतोबा मळा राखीत होते, आणि ज्याच्या दाराशी देव आला तो पुंडलिक आईबापांचे पाय दाबीत बसला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार खाणाऱ्याला योग नाकारला, पण अजिबात न खाणाऱ्यालाही नाकारला. त्याच जागी बेताच्या आहाराबरोबर बेताचा विहारही सांगितला. विहार म्हणजे हिंडणे-फिरणे, मनाला मोकळे करणे. आम्ही आहारावर तास-तास बोलतो, विहाराचा अर्थ मात्र घाईने उरकतो.

दुसरा भाग, गरिबाने सुखाचे नाव काढू नये, हा तर शास्त्रात नाहीच. तो सावकाराच्या वहीतला आहे. संस्कृतात ‘कृपण’ शब्दाचे दोन अर्थ होतात, दीन आणि कंजूष. एकाजवळ नाही म्हणून तो खर्च करीत नाही, दुसऱ्याजवळ असून त्याच्याने सुटत नाही. शब्दाने दोघांना एका पंगतीत बसवले आहे. त्या बाबांजवळ फारसे नव्हते, पण ते कृपण नव्हते. जवळ होते ते कशासाठी राखायचे हे त्यांना माहीत होते. चौदाजणांत झोपून त्यांनी मस्कापाव वाचवला.

आणि स्वस्तात रात्र रंगवणे, गाव पाहणे, हिंडणे याची विद्या वारकऱ्याइतकी कोणाला साधली आहे? पायी जायचे म्हणजे गाडीभाडे नाही. दिंडीत भिशी भरली की जेवणाची चिंता मिटली. राहायला तंबू नाहीतर कोणाची पडवी. रात्री पखवाजावर थाप पडली की हरिजागरात मध्यरात्र कधी झाली कळत नाही. परतताना चुरमुरे, बुक्का, कुंकू, नातीला बांगड्या. देवाला तुळस पुरते. भोग सगळ्यांनी मिळून घेतला म्हणजे एकेकाच्या वाट्याला खर्च थोडा येतो. ही गोष्ट पंढरीच्या वाटेवर लहान पोरालाही कळते.

एवढे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचले. ते सांगावे म्हणून मी त्या बाबांकडे जेवायला गेलो. मासवडीचा बेत होता, रस्सा झणझणीत. बाबांना मी म्हटले, “माझे चुकले. तुमचा भोग निर्दोष आहे.” बाबा आनंदले. वाढायला त्यांच्या घरच्या आजीबाई होत्या. सहज बोलावे म्हणून मी विचारले, “माउली, यंदा जत्रेत काय काय पाहिलेत?”

त्या हसल्या. “जत्रा का? जत्रेला आमच्याकडं तीस-चाळीस पानं उठतात, महाराज. मी चूल बघते. रात्री भांडी घासताना ढोलकी ऐकू येते, तेवढी.”

बाबांचा हात ताटातच थांबला. चाळीस वर्षे ते खोलीत काटकसरीने राहिले, हे खरे. पण त्या चाळीस वर्षांत इकडे शेत, गोठा, सासूसासऱ्यांचे दुखणे, पोरांच्या शाळा हे सगळे ज्यांनी ओढले, त्या कधी इराण्याकडे बसल्या नव्हत्या. चाळीस वर्षे बाबांनी मुंबईतल्या आयाबायांच्या हातचे डबे वेळेवर पोचवले. या बाईला कोणी डबा पोचवला?

माझा सकाळचा सिद्धांत तिथे अपुरा पडला. मराठीत ‘भोग’ शब्द मोठा गमतीचा आहे. देवापुढे ठेवतो तो भोग. इंद्रियांना देतो तो भोग. आणि कपाळी येतात तेही भोगच. ‘माझे भोग’ म्हणून बाई डोळे पुसते. एकाच घरात, एकाच दिवशी, जत्रा ही एकाचा भोग आणि दुसरीचे भोग होऊन बसते. खर्च मात्र थोडा दिसतो, कारण तिची मजुरी वहीत चढतच नाही.

तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की हे सुख स्वस्त झाले ते कोणी वाटून घेतल्यामुळे, की कोणी गुपचूप भरल्यामुळे? हा प्रश्न घेऊन मी पुन्हा सगळीकडे पाहू लागलो.

तमाशाच पाहा. नारायणगाव म्हटले की विठाबाईंचे नाव निघतेच. पोटुशी असताना त्या बोर्डावर नाचल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा पुढे आल्या, ही हकिकत या भागात घरोघर माहीत आहे. आम्ही ती कौतुकाने सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. शेवटची वर्षे मात्र हलाखीत गेली, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे पैसेही लोकांच्या मदतीने भागले. आज शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, ते योग्यच आहे. पण गावाच्या वर्गणीत एका घराला चार पैशांत पडलेली ती रात्र खरोखर चार पैशांची होती काय? मी तमाशाला नावे ठेवीत होतो ती शृंगारावरून. नावे ठेवायची जागा दुसरीच होती आणि ती मला दिसली नाही.

बैलगाड्यांचेही तेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा या दोन तालुक्यांत सुतक पडल्यासारखे झाले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा मान्य केला. घाटात भंडारा उधळला, मीही पाहायला गेलो होतो, खोटे कशाला सांगू. बैल पोराप्रमाणे जपणारा शेतकरी मी पाहिला आहे. बंदीची वेळ कोणामुळे आली, ते गावागावाला ठाऊक आहे.

दिंडीची मी वर एवढी स्तुती केली. भिशी सगळ्यांची सारखी, पण पहाटे तीनला उठून भाकरी बडवणारे हात कोणाचे असतात? विणेकरी बदलत राहतो, चुलीपुढची बाई बदलत नाही.

आणि शेवटी नजर स्वतःकडे वळली, ती टाळता येण्यासारखी नव्हती. मी साधा राहतो असा माझा लौकिक आहे. दोन धोतरे, एक उपरणे, एक वेळ जेवण. काशी पाहिली, रामेश्वर पाहिले, द्वारका पाहिली. गाठीचा पैसा फारसा लागला नाही. का लागेल? यजमानांनी नेले, यजमानांनी जेवू घातले. चैत्रापासून कार्तिकापर्यंत मी कीर्तनांच्या निमित्ताने हिंडलो, आणि घरची मंडळी आळंदीच्या पलीकडे गेली नाही. तिने कधी मागितले नाही, म्हणून मला वाटत होते की तिला हौसच नाही. न मागणे म्हणजे वैराग्य, असा अर्थ मी सोयीने लावला होता. दुसऱ्याच्या वैराग्यावर चालणारी साधी राहणी फार सोपी असते.

त्या आजीबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती जेवणानंतर, ओटीवर बसून. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याच उन्हाळ्यात त्या आणि शेजारच्या तिघीजणी ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेल्या. मग लेण्याद्रीला. पायऱ्या चढताना दम लागला, पण वरून कुकडीचा सगळा मुलूख डोळ्यांत मावेना. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी पाहिल्या, चैतन्यबाबांच्या समाधीपुढे डोके टेकवले. “आणि महाराज, स्टँडवर चहा घेतला. दुसऱ्यानं केलेला. बसून. ऊन ऊन.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला माझ्या काशी-रामेश्वराची लाज वाटली.

कोणी म्हणेल, “बुवा, अर्ध्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग कोणी तरी भरतोच की! मग तुमच्याच न्यायाने तोही दोष.” शंका योग्य आहे, मलाही आली होती. मी सहासष्ट वर्षांचा. वाहक मला अर्धे तिकीट देतो तेव्हा पहिल्या दिवशी मी अवघडून पूर्ण पैसे पुढे केले होते. परंतु खजिना म्हणजे मोठी वर्गणीच. सगळ्यांनी मिळून, उघडपणे, हिशेब मांडून दिलेले आणि एका बाईने चुलीपुढे न बोलता दिलेले, ही दोन मोले एका तागडीत घालता येत नाहीत. वर्गणीवर भांडता येते, ती कमी-जास्त करता येते. चुलीपुढच्या मोलाची पावतीच नसते, तर भांडायचे कशावर?

असो. श्रावणात मी घरच्या मंडळीला विचारले, “लेण्याद्रीला यायचे का?” तिने आधी विचारले, “कोणाचं कीर्तन आहे तिकडे?” कोणाचेही नाही, आपण नुसते जायचे, हे तिला पटायला दोन दिवस लागले. दोन अर्धी तिकिटे काढली. उतरताना तिने खाली एका दुकानात निळ्या काचेच्या बांगड्या पाहिल्या, हातात घेतल्या, परत ठेवल्या. मी म्हटले, “घे ना.” ती म्हणाली, “या वयात?” घेतल्या मात्र.

परवा त्याच घोडनदीकाठच्या गावाने पुन्हा माझी तारीख घेतली. डबेवाले बाबा पंचांबरोबर आले होते. मुंबईचे त्यांचे काम २०२० साली टाळेबंदीत लोकल बंद झाल्या तेव्हाच सुटले. बरोबरचे किती तरी लोक गावी आले ते परत गेले नाहीत. बाबा म्हणाले, “महाराज, यंदा जत्रेला घरोघर पाहुण्यांची पंगत नाही. देवळापुढं एकच गावजेवण. वाढायला आम्ही जुने डबेवाले. बायका संध्याकाळी पुढं बसून भारूड बघतील.”

“आणि स्वयंपाक कोण करणार?” मी विचारले.

बाबांनी टोपी काढून डोके खाजवले. “तिथंच अडलंय. आचारी लावू म्हणतो आम्ही. त्याची मजुरी तमाशाच्या पैशातून कापायची की तुमच्या बिदागीतून, यावर पंचांत दोन तट पडलेत.”

मी म्हटले, “फडातल्या बायकांचे कापू नका. बिदागीतून कापा.”

म्हणालो खरा. पण ते गेल्यावर मनात पहिला विचार आला तो हाच, की नेमके किती कापतील.