चौथा साक्षीदार

मला पोहता येत नाही. रत्नागिरीत राहून पोहता न येणं हे देशावर राहून भाकरी न आवडण्याइतकंच लाजिरवाणं आहे. पण आहे ते असं आहे. समुद्राशी माझा संबंध पापलेटाचा भाव विचारण्यापुरता आणि पाहुणे आले की त्यांना मांडवीवर नेऊन सूर्यास्त दाखवण्यापुरता. असा मी, शिडाच्या होडीवर कोणकोणती यंत्रं असावीत ह्या विषयावर लिहायला बसलो आहे, ह्याचं पाप आमच्या बँकेच्या माथी.

झालं असं. जहाजांवर उभा जन्म काढून निवृत्त झालेले एक कप्तानसाहेब आमच्या शाखेचे ठेवीदार आहेत. एके दिवशी ते ठेवीवर कर्ज मागायला आले. अर्जात ‘प्रयोजन’ म्हणून एक रकाना असतो. लोक त्यात ‘घरदुरुस्ती’ लिहितात आणि मुलीचं लग्न करतात. कप्तानसाहेबांनी मात्र खरं ते लिहिलं होतं : ‘शिडाच्या होडीसाठी दिशादर्शक उपकरणे.’ वर कोणी न मागता यादीही जोडली होती. खरं बोलणारा कर्जदार दिसला की बँकेतला माणूस सावध होतो. मी यादी वाचायला घेतली.

पडद्यावर नकाशा आणि नकाशावर आपली होडी दाखवणारा चार्टप्लॉटर, एक. हातात मावणारा, सेलवर चालणारा जीपीएस, एक. पाण्याची खोली मोजणारं यंत्र. आसपासच्या जहाजांची नावं आणि चाल सांगणारं एआयएस. होकायंत्रं दोन. कागदी सागरी नकाशे. आणि शेवटी, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट.

मी बी. कॉम. आहे. एकच खर्च दोनदा पडलेला दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

‘‘साहेब, आपण कुठे आहोत हे सांगायला एक यंत्र पुरे की! इतकी कशाला?’’

‘‘तुमच्या तिजोरीला किल्ल्या किती?’’

‘‘दोन. दोघांकडे एकेक.’’

‘‘का? एकावर विश्वास नाही?’’

‘‘विश्वासाचा प्रश्न नाही. पद्धत आहे.’’

‘‘मग माझीही पद्धतच आहे,’’ कप्तानसाहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मागे रांग वाढत होती, पण दर्यावर्दी माणसाला रांग दिसत नाही.

त्यांचं म्हणणं असं की, दोन म्हणजे दोन वेगळे हवेत. एकाच बॅटरीवर चालणारे दोन जीपीएस म्हणजे एकच जीपीएस दोनदा विकत घेतलेला. बॅटरी बसली की दोघेही एकदम डोळे मिटणार. म्हणून दुसरा सेलवर. वीज कडाडू लागली की हा दुसरा ओव्हनमध्ये ठेवायचा.

‘‘ओव्हनमध्ये?’’

‘‘बंद ओव्हनमध्ये हो! भाजायचा नाहीये. धातूच्या पेटीत तो वाचण्याचा संभव जास्त.’’

होकायंत्राला बॅटरी लागत नाही. पण शेजारी लोखंड आलं की ते बहकतं. सेक्स्टंट लोखंडाला भीक घालत नाही. पण ढग आले की तो आंधळा. ‘‘प्रत्येकाची खोड वेगळी असावी,’’ कप्तानसाहेब म्हणाले. ‘‘पहिला ज्या दुखण्याने जाईल, त्याच दुखण्याने दुसरा जाता कामा नये.’’

हे ऐकून मी मनातल्या मनात खजील झालो. आमच्या घराची जादा किल्ली मी गेली बारा वर्षं मूळ किल्लीच्याच जुडग्यात अडकवून फिरतो आहे.

पण माझ्यातला वाणिज्य पदवीधर हार मानायला तयार नव्हता. म्हटलं, ‘‘ह्या भानगडीपेक्षा सरळ जुन्या पद्धतीने जावं. यंत्रंच नकोत.’’ तर तेही करून झालेलं आहे म्हणे. २०१८ सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकेकट्याने, शिडाच्या होडीतून, जीपीएस न वापरता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. आपले अभिलाष टॉमी त्या शर्यतीत होते. त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली. त्या शर्यतीतसुद्धा प्रत्येक होडीवर एक जीपीएस होताच, फक्त मोहरबंद. जिवावर बेतलं तर मोहर फोडा आणि शर्यत सोडा. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘थुरिया’च्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, आणि २४ तारखेला एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मधल्या दिवसांत त्यांचे निरोप जगापर्यंत पोचवले ते उपग्रहानेच. साधेपणाचा हट्टसुद्धा दुसरी सोय ठेवूनच करावा लागतो.

‘‘म्हणजे भरपूर यंत्रं घेतली की निर्धास्त!’’ मी शरण गेलो.

‘‘तिथेच बुडाला असता तुम्ही,’’ असं म्हणून कप्तानसाहेबांनी ‘रॉयल मॅजेस्टी’ची गोष्ट सांगितली. जून १९९५. हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. वर दीड हजार माणसं. निघाल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते वेग आणि दिशा ह्यांवरून नुसता अंदाज बांधत राहिलं आणि तो अंदाज रुबाबात सांगत राहिलं. वारा आणि प्रवाह त्याच्या हिशेबातच नव्हते. चौतीस तासांनी जहाज नँटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतलं, तेव्हा ते ठरल्या वाटेपासून सतरा सागरी मैल दूर होतं. सुदैवाने माणसं सगळी वाचली. आणि मौज अशी, की लोरान-सी नावाचं दुसरं, अगदी वेगळ्या पद्धतीचं यंत्र त्याच खोलीत चालू होतं आणि खरी जागा सांगत होतं. त्याला कोणी विचारलंच नाही!

कप्तानसाहेब हसले. मला हसू आलं नाही. मला एक आजी आठवल्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पेन्शन न्यायला येणाऱ्या एक आजी काउंटरवर पासबुक घेऊन उभ्या राहिल्या. ‘‘बाबा, ह्यात दहा हजार लागलेत. मी काढले नाहीत.’’ त्यांच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. त्याच्या पाठीवर दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने त्यांनी काढलेली प्रत्येक रक्कम लिहिली होती. मी पडद्याकडे पाहिलं. पानाकडे पाहिलं नाही. ‘‘आजी, कॉम्प्युटर चुकत नसतो. विसरला असाल तुम्ही.’’ त्या पान घडी करून निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी व्हाउचर सापडलं. रक्कम दुसऱ्याच खातेदाराची. खातेक्रमांकाचे दोन आकडे मी उलटे टाकले होते. वर ते साहेबांनी पास केलं होतं. मी निर्धास्त, कारण वर साहेब तपासतात. साहेब निर्धास्त, कारण खाली मी तपासलेलं असतं. दोघे मिळून एकही नव्हतो. त्या दिवशीचा हिशेब मात्र पैशाला पैसा जुळला होता. तेरीज जुळूनही उघडकीला न येणाऱ्या चुका कोणत्या, ह्या प्रश्नाला बी. कॉम.ला मला पैकीच्या पैकी गुण होते!

पैसे परत जमा केले, माफी मागितली. आजी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं हो. मी लेकीला सांगून बसले होते, आता माझं डोकं चालत नाही म्हणून.’’ तीन आठवडे त्या बाईने पैशाची नव्हे, स्वतःची काळजी केली होती. त्यांचं होकायंत्र ठीक चाललं होतं. शेजारी लोखंड ठेवलं होतं मी.

दुसरं यंत्र विकत घेणं सोपं आहे, हप्त्यांवरही मिळतं. अवघड आहे ते ह्यापुढचं : दुसऱ्याने वेगळं सांगितलं तर त्याचं ऐकायचं की नाही? ऐकायचंच नसेल तर तो नुसता शोभेला.

कप्तानसाहेबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. जीपीएसला जागा ठरवायला खरं तर तीन उपग्रह पुरले असते. पण त्याला चार लागतात. उपग्रहांवर अणुघड्याळं, ह्याचं स्वतःचं घड्याळ मनगटी घड्याळाच्या लायकीचं. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतरात तीनशे मीटरचा फरक. म्हणून हे शहाणं यंत्र आपलं घड्याळ चुकलेलंच आहे असं धरून गणित मांडतं. ती चूक किती, हे काढायला चौथा उपग्रह.

वीस वर्षं तपासणीखाली काम करून मला हे सुचलं नव्हतं. तीन साक्षीदार जगाबद्दल, आणि चौथा खुद्द आपल्याबद्दल.

कर्ज मंजूर झालं. आजी अजून महिन्याच्या महिन्याला येतात. मात्र आता त्या विचारतात, ‘‘बघ रे बाबा, मागच्या खेपेला मी किती काढले होते?’’ मी पडद्याकडे पाहत नाही. म्हणतो, ‘‘आजी, आधी तुमचं पान काढा.’’ त्या पिशवीत शोधायला लागतात. मागे रांग वाढत असते. मलाही हल्ली ती दिसत नाही.