क्लबद्वेष्ट्यांचा क्लब

चारचौघांपेक्षा वेगळं दिसायला निघालेले लोक शेवटी एकमेकांसारखेच का दिसतात, यावर २०१९ साली ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने लेख छापला. सोबत एका दाढीवाल्या तरुणाचा फोटो, डोक्यावर लोकरी टोपी, अंगात चौकड्यांचा शर्ट. लगेच एका वाचकाचं तावातावाचं पत्र आलं. न विचारता माझा फोटो वापरता, वर माझीच टिंगल करता, कोर्टात खेचीन! संपादकांनी फोटो पुरवणाऱ्या ‘गेटी इमेजेस’कडे चौकशी केली, तर फोटोतला माणूस भलताच निघाला. लेखातला मुद्दा तक्रारदारानेच सिद्ध करून दिला होता.

किस्सा गमतीचा असला तरी हा प्रश्न जुना आहे. १९०४ साली बर्लिनच्या गेओर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाचा फॅशनवरचा निबंध प्रसिद्ध झाला. माणसाला इतरांत मिसळायचंही असतं आणि उठूनही दिसायचं असतं; फॅशन या दोन्ही गरजा एकदम भागवते, हे त्याचं म्हणणं पुढे अनेकांनी उचललं. मला त्यातला एक जाता जाता केलेला शेरा जास्त मोलाचा वाटतो. फॅशन मुद्दाम झुगारणारासुद्धा तिच्याकडे बघूनच कपडे निवडतो, फक्त उलटे. असे झुगारणारे पुरेसे जमले की क्लबद्वेष्ट्यांचाच क्लब निघतो.

सत्तर वर्षांनी या क्लबाला पत्ताही मिळाला. ४३०, किंग्ज रोड, लंडन. तिथे माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं कपड्यांचं दुकान होतं आणि ‘सेक्स पिस्टल्स’ हा बँड त्याच्याच आसऱ्याने उभा राहिला. त्यांचा गायक जॉन लायडन दुकानात येऊ लागला तेव्हा त्याच्या अंगात ‘पिंक फ्लॉइड’ या बड्या बँडचा टी-शर्ट असे आणि नावाच्या वर त्याने स्वतःच्या हाताने ‘आय हेट’ खरडलेलं असे. घरातल्या घरात केलेला, फुकटातला उद्योग. पण १९७७ मध्ये झँड्रा ऱ्होड्स या नामांकित डिझायनरने मुद्दाम फाडलेले, सेफ्टी पिना टोचलेले उंची पोशाख बाजारात आणले. (वेस्टवुडबाईंना पुढे ‘डेम’ हा किताबही मिळाला.) आधी धक्का आणि मागोमाग दुकान, ही वाट डिक हेब्डिजने १९७९ च्या ‘सबकल्चर’ या पुस्तकात नीट दाखवली.

त्याच पुस्तकाने पोशाखाकडे खुणांची भाषा म्हणून बघायला शिकवलं. मग सारखेपणाची चेष्टा कशाला करायची? दुसऱ्याला वाचता आली तरच ती खूण. एकट्याने गालात पिन टोचली तर लोक त्याला वेडसर म्हणतील. पन्नासांनी टोचली की पोलीससुद्धा दखल घेतात.

२०१९ चा तो लेख ज्याच्या कामावर होता, त्या जोनाथन तुबूल या गणितज्ञाने तर दोष स्वभावाकडून काढून वेळेवर टाकला. इतरांचं काय चाललंय हे प्रत्येकाला जरा उशिराच कळतं. त्या शिळ्या बातमीवर विसंबून जो तो उलट वळतो आणि सगळे एकदम एकाच बाजूला वळलेले सापडतात. यात कोणाचंच ढोंग नाही.

आपल्याकडे जाडाभरडा झब्बा, दाढी आणि खांद्याला शबनम दिसली की ‘आले समाज बदलायला’ म्हणून हसणारे पुष्कळ. हसण्याआधी एवढंच विचारावं, की हा वेश मिरवण्याची किंमत काय पडते? १९७७ च्या जूनमध्ये लायडनवर लंडनमध्ये हल्ला होऊन तो जखमी झाला. इंग्रजी अमलात गांधी टोपीपायी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, नोकऱ्या घालवल्या, आणि त्या टोप्या तर झाडून सगळ्या एकसारख्या होत्या. स्वातंत्र्यानंतर टोपी तीच राहिली. पण ती घालून उमेदवारी मिळू लागली आणि मराठी चित्रपटाने ती बनेल पुढाऱ्याच्या डोक्यावर चढवली.