झोपलेल्या माणसाला विचारायचं कसं?

रात्रीचे 2 वाजून गेले होते. पुण्यात मंडईच्या मागच्या रस्त्यावर आम्ही पाच जण. कॅमेरामन, साउंडवाला मित्र, एक नट, चहापासून बॅटऱ्यांपर्यंत सगळं सांभाळणारी मैत्रीण, आणि दिग्दर्शक म्हणून मी. शेवटच्या वर्षाची 12 मिनिटांची फिल्म. कॅमेरा भाड्याचा, सकाळी 10 ला परत द्यायचा. एक छोटा एलईडी पॅनेल आणि रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलची शीट. 50 एमएमची लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ 3200, शटर 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, शटर चुकलं की रस्त्यावरचे दिवे फ्रेममध्ये फडफडायला लागतात. एवढं सगळं आम्हाला नीट माहीत होतं.

सीन साधा होता. घर सोडून आलेला मुलगा रिकाम्या रस्त्यावरून चालत येतो. तीन टेक झाले, तिन्ही मेलेले. मग कॅमेरामनने ट्रायपॉड उचलून डावीकडे नेला आणि मला बोलावलं. स्क्रीनवर पुढे एक हातगाडी, तिच्यावर पाय पोटाशी घेऊन झोपलेला हमाल, उशाला चपला. आणि त्याच्या पलीकडून, धूसर, आमचा मुलगा येतोय. स्क्रिप्टची चार पानं खरडून मला जे सांगता आलं नव्हतं, ते तिथे आयतं पडलं होतं.

‘यांना विचारायला पाहिजे ना?’ साउंडवाला म्हणाला.

‘उठवून?’ कॅमेरामन.

यावर कोणीच काही बोललं नाही. पहाटे माल उतरवायला उठणाऱ्या माणसाला अडीच वाजता हलवायचं आणि म्हणायचं, मामा, तुम्ही झोपलेले छान दिसताय, परत झोपता का? हा क्रूरपणाच. आणि परत आडवा झाला तरी तो आता झोपलेला नसेल, झोपेचा अभिनय करत असेल. विचारलं नाही तर मात्र शॉट जसाच्या तसा मिळणार. झोपलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच तो आम्हाला एवढा आवडला होता.

मधेच गस्तीवरचे पोलीस आले. आम्ही चौकीचा शिक्का मारलेलं पत्र दाखवलं, ते वाचून निघून गेले. परवानगी रस्त्याची होती.

आम्ही शॉट घेतला. 40 सेकंद.

एडिटच्या वेळी सर म्हणाले, तुमची फिल्म म्हणजे हाच शॉट आहे. मला आनंद झाला, आणि त्या रात्री झोप आली नाही. मग मी आधार शोधायला लागले. वॉकर इव्हान्स या अमेरिकन फोटोग्राफरने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या सबवेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले. पुस्तक आलं थेट 1966 साली. थोडं बरं वाटलं. पण त्याने मधे पंचवीस वर्षं जाऊ दिली होती, माझं सबमिशन तीन आठवड्यांवर होतं. शिवाय ट्रेनमध्ये बसलेला माणूस चार लोकांत बसायचा चेहरा करून बसलेला असतो. झोपलेल्याकडे तोही नसतो. ज्याला आम्ही सार्वजनिक रस्ता म्हणत होतो, ती त्याची झोपायची खोली होती. फक्त तिला दार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी दुपारी मंडईत गेले. मामा सापडले. मोबाईलवर शॉट दाखवला. मला वाटलं, हसतील किंवा पैसे मागतील. त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, ‘ताई, हे मोबाईलवर सगळ्यांना दिसणार का?’

‘कदाचित.’

‘घरी सांगितलंय, चौघांत रूम केलीय म्हणून. पोरगी अकरावीला हाय. तिच्या हातात सारखा मोबाईल.’ मग माझा चेहरा बघून तेच म्हणाले, ‘तुमचं नुकसान होत असंल तर ऱ्हाऊ द्या.’

हे ‘हो’ होतं का? माझ्या एका मित्राच्या मते शंभर टक्के. मला ते ‘हो’पेक्षा पाहुण्याला उपाशी जाऊ न देण्यासारखं वाटलं. दुसऱ्याने सुचवलं, चेहरा क्रॉप कर, पाय आणि चाक ठेव. पण मुलीला बापाचे पाय ओळखू येणार नाहीत, यावर माझा विश्वास बसेना.

शेवटी आम्ही पुन्हा एक रात्र कॅमेरा आणला. एक हातगाडी मागून घेतली आणि तिच्यावर साउंडवाल्याला झोपवलं. त्याला मच्छर चावत होते, पाठ टोचत होती, दर टेकला तो हलायचा. सर म्हणाले, आधीचा चांगला होता. होताच.

आधीची फाइल अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे. डिलीट करायला म्हणून दोनदा उघडली. दोन्ही वेळा पूर्ण 40 सेकंद बघितली आणि बंद केली.