सुपूर्दनामा

महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयात मी निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्या वर्षीच्या पावसाळ्यात मण्यार चावलेली एक आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. विषाने तिचे श्वासाचे स्नायू लुळे पडले होते; घशात नळी घालून झाली होती, परंतु श्वासयंत्रे सगळी गुंतलेली असल्यामुळे मी तिच्या वडिलांच्या हाती श्वास देण्याची पिशवी, अंबू बॅग, दिली आणि मनात तीनपर्यंत मोजून ती कशी दाबायची हे शिकवून पुढच्या खाटेकडे वळले. पहाटे परत आले तेव्हा तो शेतमजूर त्याच लयीत बॅग दाबीत होता. "ताई, चुकत तर नाही ना माझं?" एवढेच त्याने विचारले. सकाळी एक यंत्र मोकळे झाले, त्याने बॅग सोडली, आणि त्याची बोटे सरळ होईनात. ती मी एकेक करून उलगडली. मुलगी पुढे आपल्या पायांनी घरी गेली, आणि आम्ही ते आमचे यश मानले.

पुढे इंग्लंडमधील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात काम करू लागल्यावर ज्या गोष्टीने मला अंतर्मुख केले ती तेथील यंत्रसामग्री नव्हे. रात्रपाळीचे डॉक्टर येत तेव्हा दिवसपाळीचे सारे एका खोलीत बसत आणि प्रत्येक अत्यवस्थ रुग्णाविषयी, त्याला काय झाले आहे, रात्री काय बिघडू शकेल, बिघडल्यास काय करावयाचे आणि कोणाला उठवावयाचे, हे कागदावर लिहून पुढच्याच्या स्वाधीन करीत. तिसऱ्या दिवशी मी पाळी संपूनही रेंगाळले, तेव्हा वरिष्ठ बाईंनी मला शांतपणे घरी पाठवले. मला ते लागले. माझी कळकळच नाकारली गेली असे वाटले. आपली जागा घेणारा माणूस तितकाच सज्ज आहे या विश्वासावर घरी जाणे, हेही रुग्णाविषयीचे कर्तव्यच असते, ही जाणीव मला फार उशिरा झाली.

आपल्याकडे जप्त केलेली सायकल मालकाला परत देतानाही सुपूर्दनामा लिहून घेतला जातो. परंतु आमच्या वॉर्डातील चाळीस रुग्ण तीस तास जागलेल्या डॉक्टराकडून ताज्या डॉक्टराकडे जात, ते जिन्यात गाठ पडलीच तर चार तोंडी शब्दांनिशी. आणि डॉक्टरने असे तीस तास जागणे नियमाच्या अभावी घडते असेही नाही, कारण केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणतः दिवसाला बारा तासांहून अधिक नसावे, असे नमूद आहे.

दारिद्र्याचे कारण पुढे केले जाते, आणि ते खोटे नाही. तथापि हाताने श्वास देण्याची पाळी श्रीमंत युरोपवरही आली होती. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेल्यांची रीघ लागली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातील नळीतून हाताने पिशवी दाबण्याचा मार्ग दाखवला आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, तो चालवला. हात तेथेही माणसांचेच होते; परंतु पाळी नेमलेली होती आणि ती बदलणारा नेमलेला होता. त्या अनुभवातूनच पुढच्या वर्षी अतिदक्षता विभागाची कल्पना कोपनहेगनमध्ये मूर्त झाली. तेथे आपद्धर्मातून व्यवस्था जन्मली, आपल्याकडे त्याचा शिरस्ता झाला: यंत्र नसेल तर बाप आहेच. खर्च परवडत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे आपल्याकडील आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते. आणि ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी आपली आरोग्यसेवा सुरू केली, त्या दिवशी तेथे पावदेखील शिधापत्रिकेवरच मिळत होता.

एक गोष्ट मात्र त्या बापाने मला दिली, ती मला इंग्लंडमध्ये क्वचितच भेटली. उपचार पूर्ण झालेली एक वृद्ध बाई, घरी पाहणारे कोणी नाही म्हणून, वृद्धाश्रमात जागा मिळेपर्यंत कित्येक आठवडे आमच्या वॉर्डात पडून होती. तिच्या नोंदी निर्दोष होत्या, औषध वेळेवर मिळत होते, आणि रोज संध्याकाळी ती मला विचारी, बाहेर पाऊस आहे का.

परत आले त्या आठवड्यात मी रुग्णालयाबाहेरच्या दुकानातून एक जाड वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: खाट, आजार, रात्रीची भीती, उपाय, कोणाला उठवावे. शेवटचा रकाना मी खाटेशी बसलेल्या नातेवाइकाच्या नावासाठी ठेवला, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले, जेवले का.